आळसांद्यांची बरणी आणि गवती चहाचे तेल

जवळजवळ तीन वर्षांमागे श्रावणातल्या एका सोमवारी तोणाक, म्हणजे कडधान्याची रस्सेदार भाजी, करायचे म्हणून आळसांद्यांचा डबा उघडला आणि आत हात घालवेना. वरच्या थरावर तपकिरी भुंगे नुसते वळवळत होते. कडेला पिवळसर पीठ साचले होते. एक दाणा उचलून चिमटीत दाबला तर त्याचा भुगा झाला. सहा किलोंचा डबा होता तो. त्यातच दोन किलो बियाणे वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवले होते, तेही गेले.

आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरीत भात कापून झाले की जमिनीत ओल असेतोवर वायंगणात, म्हणजे पावसानंतरच्या दुसऱ्या पिकाच्या मोसमात, आळसांदे पेरतात. महाराष्ट्रात चवळी म्हणतात तिचाच हा प्रकार, पण दाणा टपोरा आणि शिजल्यावर चव अगदी वेगळी. आमच्या घरचे बियाणे मांयनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लग्नानंतर पहिल्या वर्षी माहेराहून आणलेले. पन्नासेक वर्षे ते दर मोसमाला पेरले गेले, राखले गेले. आणि माझ्या हातून एका पावसात संपले.

मांय काही बोलल्या नाहीत. मागील दारी सूप घेऊन बसल्या आणि दुपारभर भोके नसलेले दाणे वेचत राहिल्या. संध्याकाळी वाटी भरली. मी ते दाणे पाण्यात टाकून पाहिले, तर निम्म्याहून जास्त वर तरंगले. बाहेरून धड दिसणारे दाणेही आतून पोकळ झाले होते. जे बुडले ते पुसून, सावलीत सुकवून ठेवले. तेवढ्यावर पुढचे वायंगण काढायचे होते.

त्या दिवसापासून मी या किड्याच्या मागे लागले. आधी त्याला नीट पाहायला शिकले. मुलाच्या शाळेच्या सामानातले भिंग घेतले आणि दाणे एकेक करून उलटेपालटे केले. दाण्याच्या सालीवर मोहरीपेक्षाही बारीक पांढरे ठिपके चिकटलेले असतात. ती अंडी. मादी एकेक अंडे सालीवर डिंकासारख्या चिकट पदार्थाने चिकटवते, एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. अळी अंड्यातून बाहेर हवेत येतच नाही. अंड्याच्या खालूनच साल कोरून थेट दाण्यात शिरते, आत खात वाढते, आतच कोश करते आणि महिन्याभराने गोल खिडकी कापून भुंगा बनून बाहेर पडते. बाहेर आलेला भुंगा काही खात नाही. त्याला फक्त जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. त्यामुळे डब्यात भुंगे दिसले म्हणजे निदान एक पिढी आतल्या आत जेवून झालेली असते. आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. या किड्याची सुरुवात डब्यात होत नाही, ती शेतातच होते. शेंगा वाळायला लागल्या की भुंगे तिथेच अंडी घालतात आणि आपण ती दाण्याबरोबर घरी आणतो. शास्त्रीय नाव कॅलोसोब्रुकस. तांदळातला सोंड्या हा वेगळा प्राणी. त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि वरून लुकण लावून भोक बुजवते, म्हणून तांदळात अंडे दिसतच नाही.

आता उपाय. मांयंची पद्धत राखेची होती. आळसांदे चांगले वाळवायचे, चुलीची चाळलेली राख मिसळायची, मातीच्या मडक्यात भरून तोंडाला फडके बांधून वरून शेणमातीने लिंपायचे. ती पद्धत मी मोडली होती. गॅस आल्यावर राख कुठून येणार, आणि राखेतले दाणे धुवायचे कोणी, असे म्हणून स्टीलच्या डब्यात भरले होते. डबा चकचकीत, पण झाकण सैल; वर आमच्या पावसातली हवा. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की मीठसुद्धा पाणी सोडते. भुंग्याला याहून चांगले काय हवे.

धान्य टिकवायच्या गोळ्या आणा असे सांगणारेही भेटले. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि तो जसा किड्याला मारतो तसा माणसालाही मारतो. माझे दीर गोदामात नोकरीला होते. धान्याच्या थप्पीवर ताडपत्री अंथरून, कडा वाळू भरलेल्या लांब पिशव्यांनी दाबून, दारावर धोक्याची पाटी लावून त्या गोळ्या कशा ठेवतात ते त्यांनी पाहिलेले आहे. ते म्हणाले, "वहिनी, त्या वस्तूचो घरांत विचारूय करूं नाका." त्यांचे ते वाक्य मला पुरेसे होते. पुढे वाचताना हेही कळले की या वायूला किडे सरावत चालले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभर पाहणी केली तेव्हाच अशी सरावलेली कीड सापडली होती. गोदामात वापरला जाणारा दुसरा वायू, मिथाइल ब्रोमाइड, ओझोनचा थर विरळ करतो म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली बंद होत गेला. म्हणजे मोठ्या गोदामांनाही पर्याय हवाच आहे. माझ्यापुरता प्रश्न लहान होता: पाच-सहा किलो आळसांदे, थोडे कुळीथ, थोडे मूग आणि वर्षाचे तांदूळ.

जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात एक दिवस गेले. पिशवीत भोके पडलेले दाणे घेऊनच गेले. तिथे मला जी गोष्ट समजली तिच्यामुळे पुढचे सगळे सोपे झाले. तेल म्हणून आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो. एरंडेल, खोबरेल, शेंगदाणा तेल ही जड तेले. ती उडून जात नाहीत. दाण्यावर पातळ थर धरतात, त्यात अंड्याचा श्वास कोंडतो. किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे चमचाभर, एवढे पुरते. तूरडाळीला एरंडेल लावायची आपली रीत याच तत्त्वावर चालते. गवती चहा, लवंग, निलगिरी, ओवा यांतून निघते ते सुगंधी तेल मात्र उडून जाणारे असते. त्याची वाफ किड्याच्या अंगाच्या कडेला असलेल्या श्वासाच्या छिद्रांतून आत जाते आणि मज्जासंस्थेवर घाव घालते. लवंगेतले युजेनॉल किड्यांच्या शरीरातल्या ऑक्टोपॅमिन नावाच्या रसायनाच्या कामात गोंधळ घालते असे संशोधक मानतात. त्या रसायनावर आपली मज्जासंस्था तशी अवलंबून नसते, म्हणून किड्याला जे मरणाचे तेच आपल्याला तेवढ्याच मात्रेत मरणाचे नसते. पण याचा अर्थ ही तेले निरुपद्रवी आहेत असा मुळीच नाही. निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात थोडे जरी गेले तरी फेफरे येण्यापर्यंत पाळी येते. आमच्या घरात ती बाटली फडताळाच्या वरच्या खणात, कुलपात असते.

बाजारातून सुगंधी तेलाच्या दोन बाटल्या आणल्या. एक गवती चहाची, एक लवंगेची. केंद्रातून शिकून आलेली परीक्षा केली: पांढऱ्या कागदावर एकेक थेंब टाकून कागद खिडकीत ठेवला. खरे सुगंधी तेल उडून जाते आणि तेलकट डाग मागे राहत नाही. लवंगेचा थेंब सावकाश, पण गेला. गवती चहाचा मात्र दुसऱ्या दिवशीही कागदावर पारदर्शक डाग धरून बसला होता. कुठलेतरी स्वस्त जड तेल घालून बाटली भरलेली होती. किंमत मात्र अस्सलाची. मला फार वाईट वाटले, कारण असली बाटली वापरून ज्याचे धान्य जाते तो माणूस पुढे सगळ्या औषधी वनस्पतींनाच खोटे म्हणतो.

म्हणून गवती चहाचे तेल घरीच काढायचे ठरवले. आमच्या बांधावर त्याची बेटे आहेतच. शेजारच्या वाड्यावर एकांची काजूची भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी, आहे. मे सरत आला, बोंडे संपली की ती थंड पडते. त्यांना विचारले तर आधी त्यांना पटेना. फेणीच्या भाणात, म्हणजे ती गाळायच्या भांड्यात, गवत शिजवायचे म्हणजे काय! मग त्यांच्या आईनेच सांगितले की पूर्वी पडसे झाले की गवती चहाचा वाफारा घेत, त्यातला प्रकार दिसतो. भाण मिळाले.

भाणाला काजूचा वास मुरलेला असतो. तो घालवायला आधी दोनदा नुसते पाणी उकळून सगळी वाफ नळीतून जाऊ दिली. दुसऱ्या खेपेलाही निघालेल्या पाण्याला हुर्राकाचा, म्हणजे पहिल्या धारेच्या काजूच्या दारूचा, बारीक वास होताच, पण पुढे चालण्याजोगा. गवती चहा आदल्या दिवशी कापून सावलीत मलूल करून ठेवला होता. कोवळे पाणी उडाले की भाणात जास्त मावतो. वजन केले, ८ किलो. तळाला पाणी, त्यावर विटांच्या आधारे बांबूची जाळी आणि जाळीवर वीतभर लांबीचे तुकडे सैल रचले. पाण्यात बुडवले तर पाला करपतो आणि तेलाला जळका वास येतो, म्हणून नुसती वाफ त्यातून जायला हवी. झाकणाची फट कणकेने लिंपली. जाळ मंद.

अर्ध्या तासाने नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला. लवणीच्या, म्हणजे धार झेलायच्या मडक्याच्या, जागी आम्ही अरुंद मानेची काचेची बाटली लावली होती. पहिले पाणी गढूळ, दुधाळ. मग त्या पाण्यावर फिकट पिवळी साय धरू लागली. साय म्हणते खरी, पण ती सायीसारखी जाड नव्हती. पिवळ्या काचेची चकती पाण्यावर ठेवावी तशी. बाटली उन्हाकडे धरली की चकतीची कड चमकायची. सगळा मांगर त्या वासाने भरून गेला. गवती चहाचे तेल पाण्याहून हलके असते, म्हणून वर तरंगते. लवंगेचे जड असते, ते तळाला बसते. दोन तासांनी येणाऱ्या पाण्यावर चकती वाढेनाशी झाली तेव्हा जाळ काढला. पिचकारीने वरचे तेल अलगद ओढून मोजले: २० मिलिलिटरला थोडे कमी. ८ किलो पाल्यातून एवढेच! ताज्या पाल्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आतच तेल असते, हे वाचले होते. हातात आलेली इवलीशी बाटली पाहिल्यावर ते समजले. उरलेले वासाचे पाणी भाटीवाल्यांच्या आईने देवघराची लादी पुसायला नेले.

राखलेल्या वाटीतले आळसांदे पेरून त्या वर्षी जेमतेम साडेतीन किलो आले होते. त्यावर प्रयोग करायची छाती नव्हती. म्हणून वाळपईच्या बाजारातून साधी चवळी आणली, उन्हात घातली आणि काचेच्या सात बरण्यांत अर्धा-अर्धा किलो भरली. शेजारच्या एका किडलेल्या डब्यातून भुंगे वेचून प्रत्येक बरणीत वीस-वीस सोडले. पहिली बरणी तशीच. दुसरीत गवती चहाचे तेल, तिसरीत लवंगेचे, चौथीत निलगिरीचे. तिन्हींना दहा-दहा थेंब, म्हणजे साधारण अर्धा मिलिलिटर. तेल दाण्यावर नाही ओतले. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून, दोऱ्याने झाकणाच्या आतून लोंबता ठेवला. पाचव्या बरणीत मूठभर तिरफळे, सहावीत निरगुडीची पाने आणि सातवीतल्या चवळीला एरंडेल चोळले.

पहिली रात्र मला नीट झोप लागली नाही. सकाळी पाहिले तर निलगिरीच्या बरणीत सगळे भुंगे उताणे. गवती चहाच्या बरणीतही बहुतेक पडले होते. मी आनंदाने झाकण उघडून मांयना दाखवायला नेले आणि पाच-सात मिनिटांत त्यांतल्या तिघा-चौघांनी पाय हलवायला सुरुवात केली. ते मेले नव्हते, गुंगले होते. मोकळी हवा लागली की उठणारे. पुढे कधीही पहिले तीन दिवस झाकणाला हात लावला नाही. लवंगेच्या बरणीत पहिल्या दिवशी निम्मे भुंगे चालत होते. लवंगेचे तेल सावकाश उडते, म्हणून सावकाश मारते. पण तेच टिकतेही जास्त. पंधरा दिवसांनी निलगिरीच्या बोळ्याला जेमतेम वास होता आणि लवंगेच्या बोळ्याने झाकण उघडताच नाक भरून यायचे.

निरगुडीची पाने मला वाटली तेवढी सुकली नव्हती. आठवड्याने बरणीच्या काचेला आतून दव धरले आणि पानांच्या खालच्या दाण्यांवर हिरवट बुरशी आली. किडीचे निमित्त करून मी धान्यात ओलच घातली होती. ती चवळी गुरांनाही घातली नाही, खड्ड्यात पुरली. पाने ठेवायची तर ती हातात चुरून कडकड वाजली पाहिजेत. तिरफळाच्या बरणीत अंडी थोडी कमी दिसली, पण पाच आठवड्यांनी तिची आणि पहिल्या बरणीची गत एकच झाली. अख्ख्या फळातून वाफ इतकी थोडी सुटते की बरणीभर पसरत नाही. तेल काढण्याचा खटाटोप का करायचा ते इथे कळले. एरंडेलाच्या बरणीतले भुंगे चार-पाच दिवस जिवंत फिरत होते आणि त्यांनी अंडीही घातली. पण भिंगातून पाहिल्यावर ती अंडी काचेसारखी आरपार दिसली. अळी आत शिरली की मागे राहिलेले कवच भुशाने भरते आणि पांढरेधट्ट होते; जी अंडी आरपार राहतात ती मेलेली. त्या बरणीत पुढे एखाददुसराच भुंगा निघाला. जड तेलाला मी कमी लेखत होते, ते बरोबर नव्हते. फक्त ते प्रत्येक दाण्याला लागले पाहिजे आणि शिजवण्याआधी धुतले पाहिजे.

खरी शिकवण दिली ती तेलाच्या बरण्यांनी, तिसऱ्या आठवड्यात. गवती चहाच्या बरणीत सोडलेले भुंगे मेले होते, नवी अंडी जवळपास नव्हती. तरीही एका सकाळी तळाशी सहा ताजे भुंगे फिरताना दिसले. चवळीच्या दाण्यांत, मी आणली तेव्हाच, अळ्या होत्या. एकदा उन्हात घालून त्या गेल्या नव्हत्या आणि तेलाची वाफ सालीच्या आत त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. तोवर कापसातले तेल ओसरलेले. म्हणजे हे तेल बाहेरून येणाऱ्याला आणि फिरणाऱ्याला थोपवते. आत बसलेल्याला ते काही करत नाही. दाण्यात कीड आहे ती आधी उन्हाने मारायची, मग तेल पहाऱ्याला ठेवायचे. हे मांयना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "पयलीं वतांत घाल म्हण हांव कितलीं वर्सां सांगता गो बाय." वत म्हणजे ऊन. त्यांनी मडके भरण्याआधी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आळसांदे उलथवत खळ्यात वाळवलेले मी पाहिले होते. त्यातला राखेचा भाग मला लक्षात राहिला होता, उन्हाचा मी धरलाच नव्हता.

आमच्या स्वतःच्या आळसांद्यांना मग मी ऊन कसे दिले ते सांगते. पुढच्या वर्षीच्या एप्रिलची दुपार, निरभ्र आकाश. खळ्यात आधी गोणपाट, त्यावर काळे प्लास्टिक, त्यावर आळसांद्यांचा एकेरी थर, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि चारी कडांना दगड. आत खुपसलेला तापमापक तासाभरात ६० अंशांच्या वर गेला. ५७ अंशांच्या वर एक तास टिकला की दाण्यातल्या अळ्या, कोश, अंडी सगळे मरते. नुसते उघडे ऊन तेवढे तापत नाही. वरचे पारदर्शक प्लास्टिक उष्णता धरून ठेवते, त्याचा हा गुण. दोन दिवस, दुपारी दोन-दोन तास असे केले. दाणे पूर्ण गार होऊ दिले, मगच भरले. गरम भरले तर आत घाम येतो. दाताखाली दाणा टचकन फुटला पाहिजे, नखाने दबता कामा नये, ही मांयंची परीक्षा. तसा आवाज आला तेव्हाच त्यांनी हो म्हटले.

बरणीची आणखी एक चूक आधीच्या प्रयोगात झाली होती. तिसऱ्या बरणीचे झाकण प्लास्टिकचे होते. महिन्याने ते आतून चिकट, मऊ झाले आणि बोळा जिथे टेकला होता तिथे खड्डा पडला. लवंगेचे तेल प्लास्टिक विरघळवते. त्याच झाकणाखालची चवळी खायची म्हणजे ते प्लास्टिकही पोटात. आता फक्त काच आणि आतून पत्रा असलेले घट्ट झाकण, आणि बोळा कुठेही टेकू द्यायचा नाही. तेल हाताळताना बोटांनाही जपते. लवंगेच्या तेलाने एकदा अंगठ्याची कातडी दोन दिवस चुरचुरत होती.

तांदळाची गोष्ट वेगळी निघाली आणि तिथे मला माघार घ्यावी लागली. आमच्या घरी उकड्या तांदळाची पेज रोज होते. पाच किलो तांदळाच्या डब्यात लवंगेचा बोळा ठेवला, सोंडे खरोखर कमी झाले, आणि पंधरा दिवसांनी केलेल्या पेजेला लवंगेचा वास आला. दोनदा धुऊनही गेला नाही. तांदूळ वास शोषून धरतो. सकाळची पेज बाजूला सारून मांय उठल्या तेव्हा मला माझेच चुकल्यासारखे झाले. पेजेला तांदळाचाच वास हवा. आळसांद्यांचे तोणाक करताना मसाल्यात लवंग असतेच, त्यात तेवढा वास खपून जातो. शिवाय आळसांदे रात्रभर भिजतात आणि ते पाणी फेकले जाते. पेजेचे तसे नाही. तेव्हापासून तांदळाला तेल थेट देत नाही. डबा रिकामा झाला की धुऊन, उन्हात कडक वाळवून, गवती चहाच्या तेलाचे चार थेंब टाकलेल्या फडक्याने आतून पुसते, बंद करून दोन दिवस ठेवते, मग उघडा ठेवून वास जाऊ देते आणि नंतरच नवे तांदूळ भरते. जुन्या दाण्यांच्या चुऱ्यात, झाकणाच्या खाचेत लपलेले सोंडे त्याने निघून जातात. कोठाराच्या फळ्यांच्या फटींनाही हेच. पुरुमेंताचे, म्हणजे बेगमीचे, तांदूळ मी आता तीन लहान डब्यांत विभागून भरते. एक उघडला तरी बाकीचे दोन बंद राहतात.

पावसात आळसांद्यांच्या बरण्यांवर मी तारखा लिहिल्या. दर तीन आठवड्यांनी बोळ्यावर पाच थेंब. अर्ध्या बरण्या गवती चहाच्या, अर्ध्या लवंगेच्या. मांयनी आपल्या वाटणीचे अर्धा किलो माझ्याकडून मागून घेतले आणि मडक्यात राख घालून तोंड लिंपून कोनाड्यात ठेवले. मी काही म्हटले नाही, मलाही पाहायचेच होते. वेखंडाचा विचारही मनात आला होता, तो भुंग्यांवर भारी चालतो. पण त्यातले असारोन हे द्रव्य शरीराला घातक ठरू शकते, म्हणून खायच्या दाण्याजवळ त्याला आणले नाही.

चवथीच्या आधी, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचे, सामान काढायला म्हणून फडताळ उघडले तेव्हा बरण्या समोरच होत्या. काचेतून दाणे जसेच्या तसे दिसत होते. एक बरणी मी उलटी केली, तळ पाहिला, पीठ नाही. भिंग आणले आणि शंभर दाणे पाहिले. एकावर दोन अंडी, दोन्ही आरपार. चवथीच्या खतखत्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच बरणीतले तोणाक झाले. गवती चहाचा वास आधी तासभर उन्हात आणि मग भिजवणीच्या पाण्यात निघून गेला. मांयनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

बियाण्याची परीक्षा मात्र अजून बाकी होती. किड्यापासून वाचलेले बी रुजले नाही तर काय उपयोग? भात कापणी झाल्यावर तिन्हीकडचे शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चौथ्या दिवशी उलगडले. गवती चहाच्या बरणीतले ८८ रुजले. लवंगेच्या बरणीतले ७३, आणि त्यांतल्या काहींचे मोड आखूड, टोकाला तपकिरी. राखेच्या मडक्यातले ९१. तिन्ही ढीग खळ्याच्या कडेला शेजारी-शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत होते. म्हणून यंदा असे ठरले आहे: बियाणे मडक्यात, राखेत, त्यासाठी मागील दारी पाणी तापवायची चूल पुन्हा पेटवली आहे. खायचे आळसांदे, कुळीथ आणि मूग काचेत, गवती चहाच्या तेलावर. लवंगेची बाटली रिकामे डबे पुसायला.

वायंगणात त्या बियाण्याचे चार वाफे भरले, आळसांदे साडेनऊ किलो आले. त्यातले दीड किलो वाड्यावरच्या दोन घरांना दिले, बोळा लोंबवलेल्या बरणीसकट, झाकणावर तारीख लिहून. भाटीवाल्यांच्या घरी एक गेली. तेल संपत आले आहे, बांधावर गवती चहाची आणखी वीस बेटे लावली आहेत, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात भाण आमच्यासाठी धुऊन ठेवतो असा त्यांचा निरोप कालच आला.